दोन मोटरांच्या फरकाने विमान वळवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन मोटरांचं मॉडेल पहिल्यांदा बांधणारे, कॉलेजच्या प्रोजेक्टला हा विषय घेतलेले आणि नुसतंच कुतूहल असलेले, हे सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. माझं मत आधीच सांगून टाकतो: युक्ती झकास आहे, पण तिची ताकद थ्रॉटलच्या, म्हणजे मोटरचा जोर कमीजास्त करणाऱ्या कळीच्या, दावणीला बांधलेली आहे. हे विसरलं की विमान पडतं.

थ्रस्टच्या (प्रॉपेलरच्या रेट्याच्या) फरकाने यॉ करायचा म्हणजे नेमकं काय?

नाक वर-खाली होतं तो पिच, एक पंख वर आणि दुसरा खाली जातो तो रोल, आणि नाक डावी-उजवीकडे फिरतं तो यॉ. यॉसाठी नेहमीचं हत्यार म्हणजे उभ्या शेपटीच्या मागच्या कडेला बिजागरीवर लावलेली फळी, म्हणजे रडर. ती उजवीकडे वाकवली की हवा शेपटीला डावीकडे ढकलते आणि नाक उजवीकडे फिरतं.

रडरला हात न लावताही हेच साधता येतं. डाव्या पंखावरचा प्रॉपेलर जोरात आणि उजव्या पंखावरचा हळू फिरवला की डावी बाजू पुढे सरकते आणि नाक उजवीकडे वळतं. ज्याने ट्रॅक्टर चालवलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बांधापाशी पोचल्यावर एकाच बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर गरकन फिरतो, तसंच हे. फरक इतकाच, की ट्रॅक्टरला जमिनीचा आधार असतो आणि इथे सगळं हवेवर.

सूत्र एकाच ओळीचं आहे: डाव्या-उजव्या थ्रस्टमधला फरक गुणिले मोटरचं मध्यरेषेपासूनचं अंतर. म्हणून मोटर जितकी पंखाच्या टोकाकडे, तितक्या थोड्या फरकात काम होतं.

क्वाडकॉप्टरही असंच वळतं ना?

नाही. हा घोळ इतका पसरलाय की तोंडी परीक्षेतही ऐकायला मिळतो. क्वाडकॉप्टरचे चारही प्रॉपेलर वर रेटतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक क्वाडला कलवतो, वळवत नाही. त्याचा यॉ येतो टॉर्कच्या, म्हणजे प्रॉपेलर फिरवणाऱ्या जोराच्या, प्रतिक्रियेतून. दोन प्रॉपेलर घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलट. एक जोडी वेगात आणि दुसरी हळू केली की एकूण रेटा तोच राहतो, पण सांगाडा विरुद्ध दिशेला फिरतो. ही ताकद तशी तुटपुंजी असते, म्हणून क्वाडचा यॉ त्याच्या रोल-पिचपेक्षा सुस्त वाटतो. विमानात प्रॉपेलर पुढच्या दिशेला रेटतात आणि मध्यरेषेपासून लांब असतात, म्हणून तिथे थेट थ्रस्टच कामाला येतो.

इतकं सोपं आहे तर मोठ्या विमानांनी आजवर का केलं नाही?

केलंय. पण हौसेने नाही, जीव वाचवायला.

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१०, फ्लाइट २३२, अमेरिकेत आयोवा राज्यावरून जात होतं. शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची तबकडी फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने फळ्या हलवणाऱ्या) यंत्रणा निकामी केल्या. रडर, एलेरॉन (रोलच्या फळ्या), एलेव्हेटर (पिचच्या फळ्या), सगळं मेलं. उरली ती पंखाखालची दोन इंजिनं. कॅप्टन अल हेन्स यांच्या मदतीला प्रवासी म्हणून बसलेले डीसी-१० चे प्रशिक्षक डेनी फिच कॉकपिटमध्ये आले. ते दोन्ही थ्रॉटल हातात धरून बसले आणि एक पुढे, एक मागे करत विमानाला दिशा देत राहिले. विमान सतत उजवीकडे ओढत होतं, शिवाय नाक आपोआप वर-खाली झोके घेत होतं. पाऊण तास हे चाललं. सू सिटीच्या धावपट्टीवर विमान आदळून मोडलं, ११२ जण गेले, पण २९६ पैकी १८४ वाचले.

यानंतर नासाने प्रश्न असा घेतला: हे काम माणसाच्या हाताने न करता संगणकाने केलं तर? १९९३ मध्ये एफ-१५ आणि २९ ऑगस्ट १९९५ रोजी एमडी-११ ही विमानं फक्त इंजिनांच्या जोरावर उतरवून दाखवली. दोन्ही वेळा चालक होते गॉर्डन फुलर्टन. पुढे २२ नोव्हेंबर २००३ रोजी बगदादहून निघालेल्या डीएचएलच्या मालवाहू ए-३०० ला क्षेपणास्त्र लागलं, हायड्रॉलिक गेलं, आणि तिघांच्या चमूने थ्रॉटलवरच ते परत आणून उतरवलं.

म्हणजे तत्त्व जुनंच आहे. अडचण इंजिनाच्या आळसाची. जेट इंजिनाला मंद गतीपासून जवळपास पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागतात; प्रमाणपत्राच्या नियमांतच त्यासाठी ५ सेकंदांची मर्यादा आहे. नाक डावीकडे जातंय हे दिसल्यावर तुम्ही थ्रॉटल ढकलता, जोर येईपर्यंत नाक स्वतःहूनच परत फिरायला लागलेलं असतं, आणि तुमची मदत नेमकी चुकीच्या वेळी पोचते. झोका थांबण्याऐवजी वाढतो. लहान मुलाला झोपाळ्यावर ढकलताना वेळ चुकली की काय होतं ते आठवा.

इलेक्ट्रिक मोटरने नेमकं काय बदललं?

मुख्य म्हणजे हा आळस गेला. मॉडेलवरची ब्रशलेस मोटर आदेश मिळाल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर वेग बदलते. जलद फिरवायला करंट आहेच, आणि इएससीत (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणात) ब्रेकिंगची सोय चालू असेल तर वेग उतरवतानाही मोटर स्वतः प्रॉपेलरला धरते, हवेने थांबवण्याची वाट बघत नाही.

पण यालाही मर्यादा आहे, आणि ती मोटरची नसून प्रॉपेलरची. त्याच घडणीचा प्रॉपेलर दुप्पट व्यासाचा केला तर त्याचं फिरण्याचं जडत्व ३२ पट होतं. पाच इंची प्रॉपेलर चुटकीसरशी ऐकतो, माणसं नेणाऱ्या विमानाचा दीड मीटरचा प्रॉपेलर ऐकत नाही. तिथे मग वेग तोच ठेवून पात्यांचा कोन बदलणं जास्त शहाणपणाचं.

दुसरा बदल मांडणीचा. पेट्रोलचं इंजिन लहान केलं की त्याची कार्यक्षमता घसरते आणि दहा इंजिनं म्हणजे दहा ठिकाणी इंधनाच्या नळ्या. मोटर लहान केली तरी तिचं फारसं बिघडत नाही, आणि तिला दोन-तीन जाड तारा नेल्या की झालं. म्हणून पंखभर मोटरांची रांग लावणं पहिल्यांदाच परवडू लागलं.

रडर अजिबात नसलेलं विमान खरोखर उडालंय का?

उडालंय, आणि तेही कुठल्याही खेळण्याच्या आकाराचं नाही. नासासाठी एअरोव्हायरनमेंटने बनवलेलं हेलिऑस. सौरऊर्जेवर चालणारं, माणूस नसलेलं, नुसता पंख असलेलं विमान. ना धड, ना शेपटी, ना रडर. पंखाची लांबी ७५ मीटर, म्हणजे बोइंग ७४७-४०० च्या पंखापेक्षा दहा मीटर जास्त. पुढच्या कडेला १४ मोटरा, प्रत्येकी साधारण दीड किलोवॉटची. आपल्या घरातल्या गीझरपेक्षाही कमी!

वळायचं झालं की एका बाजूच्या बाहेरच्या भागातल्या मोटरा जोरात आणि दुसऱ्या बाजूच्या हळू. बस. हे तिथे इतकं चांगलं का चाललं ते पाहा. कमी उंचीवर विमान सायकलच्या शर्यतीतल्या वेगाने, ताशी तीस-चाळीस किलोमीटरने उडायचं, आणि एवढ्या कमी वेगात रडर ठेवला असता तरी तो दुबळाच ठरला असता. बाहेरच्या मोटरा मध्यापासून प्रचंड लांब, त्यामुळे चिमूटभर फरकही पुरायचा.

आणखी एक गंमत, जी पुस्तकात वाचून कळत नाही, चित्र डोळ्यांसमोर आणावं लागतं. उडताना हा लवचीक पंख दोन्ही टोकांना वर उचलला जायचा, बोटांत धरलेल्या पट्टीसारखा. म्हणजे टोकाच्या मोटरा मधल्या मोटरांपेक्षा उंचीवर. आता टोकाच्या मोटरा जोरात फिरवल्या तर रेटा वरच्या बाजूने लागतो आणि नाक खाली झुकतं. मधल्या मोटरा जोरात फिरवल्या तर नाक वर. हेलिऑसला मागच्या कडेला पिचसाठी ७२ एलेव्हेटर होतेच, तरी मोटरांनीही पिच करता येतो का याची चाचणी त्यांनी घेतली, आणि येतो असं दिसलं.

१३ ऑगस्ट २००१ रोजी हवाई बेटांवरून हे विमान ९६,८६३ फुटांवर गेलं. २६ जून २००३ रोजी ते पॅसिफिकवर तुटून पडलं. अनेकांना वाटतं की रडर नसल्यामुळे. तसं नाही. खवळलेल्या हवेत पंखाची टोकं फार वर उचलली गेली आणि तशीच राहिली, त्या आकारात पिचचे झोके वाढत गेले, वेग मर्यादेबाहेर गेला आणि वरचं आवरण उडालं. यॉच्या मोटरांचा त्यात दोष नव्हता.

माझ्या मॉडेलवर रडर जास्त ताकदीचा की मोटरांचा फरक?

वेगावर अवलंबून. ढोबळ हिशेब करून दाखवतो, आकडे तुमच्या विमानाचे घाला.

समजा मोटरा मध्यरेषेपासून २५ सेंटिमीटरवर आहेत आणि दोन्ही ४०० ग्रॅम रेटतायत. एकीला १०० ने वाढवलं, दुसरीला १०० ने कमी केलं. फरक २०० ग्रॅम, म्हणजे जवळपास २ न्यूटन. गुणिले ०.२५. वळवण्याचा जोर आला ०.४९ न्यूटन-मीटर.

आता शेपटी. क्षेत्रफळ ०.०२ चौरस मीटर, गुरुत्वमध्यापासून ६० सेंटिमीटर मागे, आणि रडर वाकवल्यावर तिच्यावरच्या हवेच्या जोराचा (लिफ्टचा) गुणांक ०.४ ने बदलतो असं धरा. सेकंदाला ८ मीटर वेगात याचा जोर येतो ०.१९ न्यूटन-मीटर. मोटरांच्या निम्म्याहून कमी. वेग दुप्पट करा, १६ मीटर. हवेचा दाब चौपट होतो आणि रडर जातो ०.७५ वर. त्याच वेळी वेगामुळे प्रॉपेलरचा रेटा उतरलेला असतो. पारडं फिरलं. उलट जमिनीवर सेकंदाला ४ मीटरने धावताना रडरकडे फक्त ०.०५ उरतो.

म्हणूनच टेकऑफच्या धावेत आणि हळू वळणात मोटरांचा फरक जादूसारखा वाटतो, आणि वेगाने डोक्यावरून जाताना तो असून नसल्यासारखा.

थ्रॉटल बंद करून उतरताना काय होतं?

काही होत नाही. तेच तर दुखणं आहे.

प्रॉपेलरचा रेटा त्याच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरासरी फेऱ्या १०० धरा (एकक काहीही), डावीकडे १० वाढवा, उजवीकडे १० कमी करा. ११० चा वर्ग १२,१००, ९० चा वर्ग ८,१००. फरक ४,०००. आता थ्रॉटल उतरवून सरासरी ३० वर आणा आणि तेच १० वर-खाली करा. ४० चा वर्ग १,६००, २० चा ४००. फरक फक्त १,२००. तीच स्टिक (रिमोटची दांडी), तोच हात, आणि जोर तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. थ्रॉटल शून्यावर आणला की एक मोटर आणखी कमी करायला जागाच नाही.

आता हा प्रसंग आठवा: विमान उतरायला आलंय, थ्रॉटल खाली, आडवा वारा, धावपट्टीपाशी नाक एका बाजूला चाललंय. ज्या क्षणी यॉची सगळ्यात जास्त गरज, त्याच क्षणी हत्यार म्यान. थ्रॉटल वाढवावा तर विमान तरंगत पुढे निघून जातं.

उपाय तीन-चार आहेत. उतरताना थोडा थ्रॉटल धरून या आणि त्यासाठी हवेची ओढ जास्त असलेलं, फ्लॅप (पंखामागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) लावलेलं विमान ठेवा. मिक्समध्ये (कुठल्या स्टिकचा किती वाटा कुठल्या मोटरला, हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) कमी थ्रॉटलला फरकाचं प्रमाण वाढवा. किंवा मोटरला जनरेटरसारखं वापरून एका बाजूचा प्रॉपेलर ओढीसाठी कामाला लावा; हे मोठ्या विमानांत जमण्यासारखं आहे, फोमच्या मॉडेलवर त्याच्या मागे लागू नका. आणि सर्वात स्वस्त उपाय, लहानसा रडर राहू द्या. पाच ग्रॅमचा सर्व्हो (रडर हलवणारी छोटी मोटर) वाचवण्यासाठी विमान घालवणारे मी पाहिलेत, आणि त्यातला एक आरशात रोज दिसतो.

आणि फुल थ्रॉटलला?

तिथे उलट बाजूची भिंत. जी मोटर वाढवायची ती आधीच शंभरावर. मग नुसती दुसरी कमी होते, आणि यॉच्या बदल्यात एकूण रेटा जातो. चढत असताना रेटा गेला की विमान मलूल होतं. मिक्स करताना कमाल थ्रॉटल ८५-९० टक्क्यांवर अडवून वरची जागा यॉसाठी राखून ठेवा. ज्यांना ही १० टक्के ताकद सोडवत नाही त्यांनी मोटर एक आकडा मोठी घ्यावी.

उडताना एक मोटर बंद पडली तर?

मग थ्रस्टचा फरक तुमच्या मनाविरुद्ध होतो. पंखांवर दोन इंजिनं असलेल्या विमानाला किमान नियंत्रण वेग असतो. त्याखाली एक इंजिन बंद आणि दुसरं पूर्ण जोरावर असेल तर पूर्ण रडर लावूनही नाक सरळ राहत नाही. अनेक विमानांच्या उभ्या शेपटीचा आकार ठरतो तो याच एका वाईट दिवसासाठी. एरवी आयुष्यभर ती अर्धी शेपटी नुसती वाऱ्यात ओढली जाते.

मोटर टोकाला नेली की यॉची ताकद वाढते असं वर म्हटलं, त्याचीच ही दुसरी बाजू. नासाच्या एक्स-५७ मॅक्सवेलच्या आराखड्यात इटालियन टेक्नॅम पी-२००६टी विमानाला बारीक पंख लावून दोन टोकांना ६० किलोवॉटच्या दोन मोटरा आणि मध्ये पुढच्या कडेला बारा छोटे प्रॉपेलर होते. पंख साधारण ९.६ मीटरचा. ताशी २७५-२८० किलोमीटरला ६० किलोवॉटचा एक प्रॉपेलर अंदाजे ६५० न्यूटन रेटेल, ते ४.८ मीटर लांबून लागलं तर वळवण्याचा जोर ३,००० न्यूटन-मीटरच्या वर जातो. एवढा जोर एका क्षणात एकाच बाजूला उरला, तर चालकाचा पाय रडरवर पोचेपर्यंत नाक कुठल्या कुठे. त्यामुळे तिथे प्रत्येक टोकाच्या मोटरला दोन स्वतंत्र इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी करून देणारी उपकरणं) आणि दोन वेगळ्या वीजवाहिन्या योजल्या होत्या. एक वाहिनी गेली तर दोन्ही मोटरांची निम्मी ताकद जाते, पण बरोबरीने जाते. मला या सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात शहाणं काम हेच वाटतं. एक्स-५७ शेवटी उडालं नाही; २०२३ मध्ये प्रकल्प उड्डाणाविनाच आटोपला.

मोटरा बारा-चौदा असतील तर प्रकरण बरंच सौम्य होतं. एक गेली तर चौदावा हिस्सा गेला, शेजारणी भार उचलतात. संगणक बंद मोटर ओळखून दुसऱ्या बाजूची लगेच कमी करू शकतो. चालकाला पाय हलवायच्या आत.

मग उभी शेपटीच काढून टाकायची का?

रडर आणि उभी शेपटी यांत गल्लत करू नका. रडर म्हणजे आदेश. शेपटीचा स्थिर भाग म्हणजे फिन, आणि तिचं काम वाऱ्याच्या दिशेला तोंड ठेवण्याचं, देवळाच्या कळसावरच्या पताकेसारखं. ती हे काम फुकटात करते. बॅटरी नाही, सेन्सर नाही, प्रोग्रॅम नाही.

ती गेल्यावर काय होतं ते १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या फ्लाइट १२३ ने दाखवलं. केबिनमधली हवा कोंडून धरणारा मागचा दाब-पडदा फुटून बोइंग ७४७ ची उभी शेपटी बहुतांश तुटून गेली आणि हायड्रॉलिकही गेलं. चालक अर्ध्या तासाहून जास्त वेळ इंजिनांचा जोर कमीजास्त करत झुंजले, पण विमान डावी-उजवीकडे डोलत आणि वर-खाली झोके घेत राहिलं. ५२० जण गेले, चौघीच वाचल्या.

जलद मोटरा आणि संगणक असतील तर फिनचं काम कृत्रिमरीत्या करता येतं. पण त्यासाठी विमान हवेत किती तिरकं चाललंय हा कोन कळायला हवा. जायरो हा सेन्सर फक्त फिरण्याचा वेग सांगतो, हा कोन नाही. कोन मोजायला वातकुक्कुटासारखं पातं किंवा दाबाची छिद्रं लागतात, आणि ती लहान विमानावर फार नखरे करतात. त्यात पुढे लावलेला प्रॉपेलर तिरक्या हवेत स्वतःच नाकाला आणखी बाजूला खेचतो; मागे लावलेला उलट सावरतो. म्हणून मधला मार्ग बरा: फिन लहान करा, शून्य करू नका. हेलिऑससारखा पंख ही वेगळी जात आहे, तिच्या वेगात आणि तिच्या लांबीत जे चाललं ते तुमच्या दीड मीटरच्या विमानात चालेलच असं नाही.

नाक वळवलं की पंखही कलतो, ते का?

दोन कारणं. बाहेरचा पंख जास्त वेगाने पुढे जातो म्हणून तिथे लिफ्ट, म्हणजे पंख वर उचलणारा जोर, वाढते. आणि प्रॉपेलर पंखाच्या पुढे असेल तर त्याचा झोत पंखावरून जातो. डावी मोटर जोरात म्हणजे डाव्या पंखावर जास्त हवा, जास्त लिफ्ट, आणि विमान उजवीकडे कलतं. नशिबाने यॉही उजवीकडेच असतो, म्हणजे दोन्ही एकाच दिशेने. एलेरॉनचं नेमकं उलट असतं, तिथे कलवताना नाक विरुद्ध बाजूला ओढलं जातं. त्यामुळे नवशिक्यालाही मोटरांच्या फरकाने घेतलेलं वळण गोड वाटतं. फक्त आडव्या वाऱ्यात, पंख सपाट ठेवून नुसतं नाक फिरवायचं असेल, तेव्हा हे गोड प्रकरण अंगाशी येतं.

बॅटरी जास्त खर्च होते का?

किरकोळ. फेऱ्यांमध्ये १० टक्के वर-खाली केलं तर वीज साधारण ३ टक्के जास्त लागते, आणि तीही वळत असतानाच. रडर वाकवल्यावरही ओढ वाढतेच. दिवसभर एका बाजूला ट्रिम (कायमचा थोडा आदेश) लावून उडत असाल तर मात्र आधी विमान सरळ करा.

प्रॉपेलर एकाच दिशेने फिरवू की उलटसुलट?

उलटसुलट. टॉर्क एकमेकांना कापतो आणि दोन्ही बाजू सारख्या वागतात. उलट्या प्रॉपेलरचा एक जादा जोड पिशवीत ठेवा, दुकानात तोच संपलेला असतो.

मॉडेलवर हे कसं जोडायचं?

दोन इएससी एकाच कंपनीचे, एकाच आकड्याचे घ्या, आणि दोन्ही एकाच रिमोटवर एकाच बैठकीत कॅलिब्रेट करा. नाहीतर एक मोटर आधी जागी होते आणि दुसरी मागून, आणि विमान सुरुवातीलाच एका अंगाला जातं. दोन्ही इएससीत बीईसी (रिसीव्हरला वीज देणारं सर्किट) असेल तर एकाच्या प्लगमधली लाल तार काढून टेप लावा.

फ्लाइट कंट्रोलर (विमानावरचा छोटा संगणक) नसेल तर रिमोटमध्येच दोन मिक्स करा: थ्रॉटल शंभर टक्के दोन्हीकडे, रडरची स्टिक डाव्या मोटरला अधिक आणि उजवीला उणे. सुरुवात २० टक्क्यांनी. ५० वर गेलात तर जमिनीवरच भिंगरी होते. फ्लाइट कंट्रोलरवर आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर डाव्या थ्रॉटलचं सर्व्हो फंक्शन ७३ आणि उजव्याचं ७४, आणि रडरचा किती वाटा मोटरांना द्यायचा त्याचं वेगळं पॅरामीटर आहे. स्टिक मध्यावर थोडी बोथट करा, म्हणजे एक्स्पो द्या. आणि थ्रॉटल शून्यावर असताना रडरने मोटर सुरू होणार नाही अशी कट-ऑफ लावा. विमान हातात धरून चालताना अंगठा चुकून रडरवर गेला तर प्रॉपेलर बोटं बघत नाही.

परवानगी लागते का?

ड्रोन नियम २०२१ मध्ये पंखवालं विमानही येतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा. पुण्यात तर बघाच, लोहगाव हवाई दलाचं आहे.

माणसं नेणाऱ्या विमानांत हे कुठवर आलंय?

फ्रान्समध्ये एअरबस, दाहेर आणि साफ्रान यांनी मिळून इकोपल्स उडवलं. मूळ विमान एका इंजिनाचं दाहेर टीबीएम, त्याच्या पंखांवर ५० किलोवॉटचे सहा इलेक्ट्रिक प्रॉपेलर. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी तार्ब इथून सहाही प्रॉपेलर चालू ठेवून ते पहिल्यांदा उडालं, साधारण १०० मिनिटं. रडर जागेवरच होता. नाकावरचं मूळ टर्बोप्रॉप इंजिनही होतं. वीज गेली तरी विमान साध्या टीबीएमसारखं घरी येईल अशी ती मांडणी, आणि मला ती पटते.

मिक्स उलटा लागलाय हे उडवण्याआधी कसं ओळखू?

प्रॉपेलर काढा. स्टिक उजवीकडे ढकला आणि विमानाच्या मागे उभं राहून बघा: डावी मोटर वेगात फिरली पाहिजे. मागे उभं राहून, समोरून नाही. आम्ही एकदा समोरून बघून "बरोबर आहे" म्हटलं. कापणी झालेल्या शेतात विमान धावायला लागलं, जरा डावीकडे गेलं, मित्राने उजवी स्टिक दिली तर ते आणखी डावीकडे. त्याने आणखी उजवी दिली. चौथ्या सेकंदाला विमान कडब्याच्या गंजीत होतं, आणि दोन्ही मोटरा आत अजून फिरत होत्या. प्रॉपेलर लावल्यावर पहिली फेरी जमिनीवरच, गवत नसलेल्या जागी, चालण्याच्या वेगात घ्या. उजवीकडे दिलं की उजवीकडे वळतंय ना ते बघा, आणि मगच थ्रॉटल पुढे.